शंभर मिलिमीटर

ट्रॉम्सोमध्ये दुपारचे दोन वाजलेत, म्हणजे रात्र आहे.
नोव्हेंबरच्या शेवटी गेलेला सूर्य
जानेवारी निम्मा सरल्यावर येईल.
तोवर वॉर्डातली ट्यूबलाइट हाच दिवस.

सहा खुर्च्या, सहा सुजलेले गाल.
सहा जणांची अक्कलदाढ सकाळी
स्टीलच्या वाटीत ठण्ण करून पडली,
आणि भूल उतरू लागली तशी
मी प्रत्येकाच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवल्या.
कुणाला पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन जोडीनं,
कुणाला पॅरासिटामॉल, सोबतीला कोडीन,
कुणाला आयबुप्रोफेन एकटंच,
लग्न न झालेल्या काकासारखं, तरी कामाचं.
कुणाला नुसतंच पीठ.
सगळ्या गोळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या.
कुणाच्या पोटात काय गेलं ते त्यांना माहीत नाही,
मलाही नाही. यादी ऑस्लोच्या एका कपाटात बंद.

दर अर्ध्या तासानं मी कागद देते.
कागदावर एक आडवी रेघ, शंभर मिलिमीटर.
डावीकडे: दुखत नाही.
उजवीकडे: कल्पनेतली सर्वांत मोठी वेदना.
रेघेवर एक काट मारा, बस.

ठणका, कळ, सणक, ठसठस,
दाढेतून कानात शिरणारी भणभण,
जिभेनं चाचपलं की उठणारी हुळहुळ:
रेघेला यातलं काही कळत नाही.
ज्याचं जळतं त्याला कळतं,
आणि मला मिलिमीटर हवेत.

गुन्वोर चर्चमध्ये गाते.
ती आधी डोळे मिटते, सूर लावावा तशी,
मग बासष्टवर काट मारते.
पुढच्या वेळी एकसष्ट. तिचा प्रामाणिकपणा
मला जरा घाबरवतो.

टॉर्गेर कॉड पकडणारा. डाव्या हाताला तीनच बोटं.
"कल्पनेतली," तो फुगलेल्या तोंडानं विचारतो,
"की झालेली?"
मी काही सुचवायचं नाही, असा नियम आहे.
तो कागदाकडे बघत बसतो.
"विंचमध्ये हात गेला तेव्हा शंभर झाले होते.
त्या मानानं हे..." आणि अडतीस.
मी सांगते, तासाभरानंतर कधीही मागा,
दुसरं औषध तयार आहे, मागण्यात कमीपणा नाही.
मान हलवतो. मागत नाही.
चौथ्या तासाला त्याची पेन्सिल
कागदाच्या आरपार जाते.
स्कॅनर ते भोक वाचत नाही.
टॉर्गेरच्या नावापुढे, म्हणजे सतराव्या क्रमांकापुढे,
कॉम्प्युटर लिहितो: माहिती गहाळ.

आन्ते सगळ्यांत लहान, एकोणीस वर्षांचा,
काउतोकेइनोहून आलेला, घरी चारशे रेनडिअर.
(किती ते विचारू नये म्हणतात. त्यानं आपणहून सांगितलं,
नंतर चपापला.)
प्रत्येकाच्या मांडीवर दोन स्टॉपवॉच.
जरासं बरं वाटलं की पहिलं दाबायचं.
आराम अर्थपूर्ण वाटला की दुसरं.
"अर्थपूर्ण म्हणजे?"
"तुझं तुला कळेल."
पहिलं त्यानं सव्विसाव्या मिनिटाला दाबलं.
दुसऱ्याकडे बघत राहिला,
कळपातलं एखादं जनावर वळतंय का बघावं तसा.

सहा तास संपले. बर्फगाड्या रस्ता खरवडत होत्या.
गुन्वोर स्वेटर चढवून गेली. टॉर्गेर
तीन बोटांनी हात मिळवून गेला.
मी कागद मोजले, पेन्सिली मोजल्या,
स्टॉपवॉच मोजली: अकरा.

चौथ्या दिवशी फोन. वाऱ्याचा आवाज, कुत्र्याचा,
मग आन्तेचा:
"ते दुसरं खिशातच राहिलं माझ्या.
अजून चालू आहे. शहाण्णव तास चार मिनिटं.
दुखायचं तर परवाच थांबलं,
कधी, ते लक्षात नाही आलं. कळपामागे होतो.
आता दाबू का?"

तक्त्यात याला रकाना नव्हता.
मी म्हणाले,
पोस्टानं पाठव. चालू असलं तरी चालेल.